सोसायटीच्या कंपोस्टचा कार्बन हिशेब : हौद बांधण्यापासून अहवालापर्यंत

वार्षिक अहवालात एक वाक्य घालायचं होतं : "ओला कचरा आवारात जिरवून सोसायटीने यंदा इतके टन हरितगृह वायू टाळले." त्या 'इतके'च्या जागी कोणता आकडा लिहायचा, हे ठरवण्यात वर्ष गेलं. इंटरनेटवर कंपोस्टचे फायदे सांगणारं पुष्कळ सापडतं. पण कंपोस्टच्या हौदातूनही मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड हे हरितगृह वायू बाहेर पडतात, ते किती, कशामुळे आणि मोजायचे कसे, हे मराठीत सलग कुठे मिळालं नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. सोसायटी पुण्यातली, 120 सदनिकांची. ओला कचरा रोज सरासरी 60 किलो.

यंत्र की हौद (ऑक्टोबर 2022 ते मार्च 2023)

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 नुसार 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. आम्ही तीन प्रकारची दरपत्रकं मागवली. त्यातलं एक '24 तासांत खत' देणाऱ्या, हीटर असलेल्या यंत्राचं होतं. त्याच्या माहितीपत्रकात 60 किलोंसाठी रोजचा वापर 30 युनिट दिला होता. वर्षाचे 10,950 युनिट झाले. देशातल्या वीजजाळ्याचा उत्सर्जन गुणांक युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर नुसत्या विजेचेच 7.9 टन होतात. शिवाय अशा यंत्रातून बाहेर पडतो तो बहुतांशी वाळवलेला, बारीक केलेला कचरा. तो ओला झाला की पुन्हा तापतो, वास मारतो आणि खरं कुजणं तेव्हा सुरू होतं. म्हणजे वीज जाळूनही हौदातला वायू टळत नाही, फक्त कुंडीत जाऊन निघतो. दरपत्रक हातात घेताच युनिटचा आकडा आधी विचारा. किंमत त्यानंतर.

आम्ही जाळीदार विटांचे चार हौद बांधले. प्रत्येक आतून 2 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 1.2 मीटर उंच. यापेक्षा उंच करू नका. वरच्या थरांच्या वजनाने खालचा माल दाबला जातो, पोकळ्या बुजतात आणि मिथेन तयार होतो तो तिथेच. तळाला उतार, एका कोपऱ्यात निचऱ्याची नळी आणि तिच्याखाली बादली ठेवली. तळावर 10 सेंटीमीटर विटांचे तुकडे आणि काटक्या. प्रत्येक हौदात चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे उभे, त्यांना दर 15 सेंटीमीटरवर भोकं. वर पत्र्याचं छप्पर, पावसाच्या बाजूला दोन फूट जास्त पुढे काढलेलं. बांधकाम आणि छपराचा खर्च साधारण 1 लाख 60 हजार. दोन हॉर्सपॉवरचं श्रेडर 52 हजारांना, 100 किलोचा काटा साडेपाच हजारांना, लांब दांड्याचा डायल थर्मामीटर दोन हजारांना मिळाला. श्रेडर रोज अर्धा तास चालतो. वर्षाचे सुमारे 274 युनिट, म्हणजे 0.2 टन.

हौद सांभाळणाऱ्या मावशींचं मानधन महिना नऊ हजार ठरलं. हातमोजे, गमबूट आणि मास्क सोसायटीचे. पुढचा सगळा हिशेब मावशींच्या रोजच्या नोंदीवर उभा आहे, तेव्हा मानधनात काटकसर करू नये असं मी प्रत्येक सोसायटीला सांगेन.

वजनाची वही (1 एप्रिल 2023 पासून)

हिशेबाला पूर्ण वर्ष लागतं, कारण कचरा ऋतूप्रमाणे बदलतो. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या साली आणि कोयांनी वजन चढतं, गणपतीत निर्माल्य येतं. एखाद्या महिन्याचं वजन घेऊन त्याला बाराने गुणलं तर आकडा फसतो. वहीत रकाने इतकेच : तारीख, ओल्या कचऱ्याचं वजन, कोरड्या मालाचं (सुकी पानं, भुसा) वजन, हौद क्रमांक, तापमान, शेरा. रिकाम्या बादलीचं वजन बादलीवरच रंगाने लिहून ठेवा. नारळाच्या करवंट्या, कोया आणि निर्माल्यातले दोरे वजनाआधीच बाजूला काढायचे, कारण ते या चक्रात कुजत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कोरड्या मालाचं प्रमाण बसवण्यात. उत्सर्जनाचा निम्म्याहून अधिक निकाल इथेच लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात 75 ते 80 टक्के पाणी असतं. आमच्या नमुन्यात 78 टक्के निघालं. हौदात ओलावा हवा 50 ते 60 टक्के. 60 किलो कचऱ्यात 46.8 किलो पाणी. त्यात 12 टक्के ओलाव्याची 20 किलो सुकी पानं घातली, तर 80 किलोंच्या मिश्रणात 49.2 किलो पाणी येतं, म्हणजे साडेएकसष्ट टक्के. वरच्या मर्यादेला जेमतेम टेकतं. तेव्हा वजनाने तीनास एक हे कमीत कमी प्रमाण. पण पानं हलकी असतात. ती 20 किलो पानं आकारमानाने कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरतात. "एक बादली कचरा, एक मूठ भुसा" असं शिकवलं जातं तिथे हौदात चिखल होतो आणि मग कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण) बदलत बसावं लागतं. दोष कल्चरचा नसतो.

पानांनी आणखी एक काम होतं. कचऱ्यात नत्र जास्त असतो, कर्ब-नत्र प्रमाण पंधरा-अठराच्या आसपास. सुक्या पानांचं चाळीसच्या पुढे. दोन्ही मिळून 25 ते 30 च्या जवळ पोचलं, की जिवाणू नत्र स्वतःच्या वाढीला वापरतात. नाहीतर तो अमोनिया होऊन उडतो, आणि त्यातला थोडा भाग पुढे नायट्रस ऑक्साइड होतो. वखारीतला लाकडाचा भुसाही चालतो, पण प्लायवूड किंवा एमडीएफचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. कोकोपीट पाणी छान शोषतो, पण बारीक असल्यामुळे एकटा घातला तर हवा खेळत नाही. तयार झालेलं जाडंभरडं खत चाळून, चाळणीवर उरलेला भाग परत हौदात घातला की विकतचं कल्चर लागत नाही. आम्ही पहिल्या चक्रानंतर ते घेणं बंद केलं.

रोजचा क्रम असा : कचरा निथळवायचा, श्रेडरमधून एक-दीड इंचाचे तुकडे करायचे (अगदी लगदा नको), पानं मिसळायची, हौदात पसरायचं, वर पाच सेंटीमीटर तयार खताचा थर द्यायचा. हा थर वासासाठी म्हणून सांगितला जातो. पण खालून वर येणारा मिथेन खाणारे जिवाणू याच थरात राहतात, म्हणून तो एकही दिवस चुकवू नये. एक हौद साधारण 25 दिवसांत भरतो आणि चार हौदांचा फेरा 100 दिवसांचा होतो.

पावसाळा (जुलै-ऑगस्ट 2023)

छप्पर असूनही तिरका पाऊस आत आला आणि पोत्यांतली पानं ओलसर झाली. दुसऱ्या क्रमांकाच्या हौदात आंबूस वास सुरू झाला. तापमान 38 अंश सेल्सिअसच्या वर चढेना, खालच्या बादलीत काळं पाणी वाढलं. एरवी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी काटा 55 च्या पुढे जातो. असं का होतं : पाण्याने पोकळ्या भरल्या की प्राणवायू संपतो, सेंद्रिय आम्लं साचतात, सामू (पीएच) सहाच्या खाली येतो आणि उष्णता देणारे जिवाणू मंदावतात. थर आंबत राहिला की मिथेन करणारे जिवाणू जोर धरतात. मिथेनला स्वतःला वास नसतो. पण आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला, तर हवा संपली आहे हे नक्की, आणि तिथे मिथेनही असणार असं धरून चालायचं.

उपाय एकच, आणि तो कष्टाचा. हौद पूर्ण उपसून दाताळ्याने गठ्ठे फोडायचे, कोरडा भुसा मिसळून परत भरायचा. राख किंवा चुना टाकून सामू वर आणण्याचा सल्ला मिळतो. त्याने अमोनिया भसकन उडतो, नत्र जातो आणि ओलावा तसाच राहतो. आम्ही वखारीतून भुशाची दहा पोती आणली, प्रत्येकी 120 रुपये. तीन दिवसांत तापमान 57 वर गेलं. पानांची पोती त्यानंतर जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचली आणि ताडपत्री चारही बाजूंनी खाली ओढली.

हाताने करायची परीक्षा यंत्रापेक्षा भरवशाची आहे. मूठभर माल घट्ट पिळा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर जास्त, मूठ उघडताच माल भुगा होऊन पडला तर कमी.

उलथापालथीबद्दलही लिहितो, कारण इथे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांचं गणित वेगळं आहे. पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोनदा हलवलं, कारण त्या काळात प्राणवायूची भूक मोठी असते. तापमान 40 च्या खाली आल्यावर नत्राचं नायट्रेट करणारे जिवाणू कामाला लागतात. तिथून पुढे नायट्रस ऑक्साइडचा काळ. तेव्हा माल परत ओला केला किंवा ताजा कचरा वर टाकला, तर नायट्रेट आणि प्राणवायूविना जागा एकत्र येतात आणि तो वायू वाढतो. म्हणून भरलेला हौद बंद झाला की बंद. एखाद्या दिवशी कचरा जास्त आला तरी त्यात भर नाही.

वायू मोजायचा प्रयत्न (डिसेंबर 2023)

बाजारात हातात धरायचे मिथेन डिटेक्टर मिळतात. घेऊ नका. ते स्फोटाचा धोका ओळखण्यासाठी असतात. मिथेनची खालची स्फोटमर्यादा हवेत 5 टक्के, म्हणजे 50,000 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). यंत्राच्या पडद्यावरचा एक टक्का हा त्या मर्यादेचा एक टक्का, म्हणजे 500 पीपीएम. हवेत मुळात मिथेन दोन पीपीएमच्या आत आहे. हौदातून हळूहळू निघणारा वायू त्या मापट्टीत दिसतच नाही, आणि दिसला तरी अल्कोहोलच्या वाफांनीही तो काटा हलतो.

एका महाविद्यालयाच्या पर्यावरणशास्त्र विभागाने बंद पेटीची पद्धत करून दाखवली. बुड नसलेली पेटी हौदाच्या पृष्ठभागात पाच सेंटीमीटर रुतवायची, झाकण लावायचं आणि 0, 10, 20 आणि 30 व्या मिनिटाला सिरिंजने हवा काढून निर्वात बाटलीत भरायची. बाटल्या गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) जातात. वेळेनुसार वाढलेल्या प्रमाणाचा चढ, पेटीचं घनफळ आणि तळाचं क्षेत्रफळ यांवरून चौरस मीटरमागे ताशी वायू निघतो. निकाल यायला पाच आठवडे लागले, कारण विद्यार्थ्यांच्या प्रबंधाचे नमुने आधी होते. ते योग्यच.

कमी पानांच्या, मुद्दाम बाजूला ठेवलेल्या छोट्या ढिगात मिथेनचा चढ ठळक होता, तर नीट भरलेल्या हौदात जवळपास सपाट. पण यातून वर्षाचा आकडा काढायचा मोह टाळला. आमच्या भिंती जाळीच्या आहेत आणि वायू बाजूंनीही निघतो. वर ठेवलेली पेटी तो पकडत नाही. शिवाय उलथापालथीच्या वेळी बाहेर पडणारा झोत कुठल्याच पेटीत येत नाही. ही पद्धत दोन हौदांची तुलना करायला उपयोगी आहे. एकूण टन सांगायला अपुरी.

खताची तपासणी आणि सवलत (जानेवारी-फेब्रुवारी 2024)

खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी ओलावा 15 ते 25 टक्के, कर्ब-नत्र प्रमाण 20 च्या खाली आणि सामू 6.5 ते 7.5 अशी मानकं आहेत. नमुना ढिगाच्या दहा-बारा जागांमधून घ्या, एकत्र कालवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, आणि किलोभर उरेपर्यंत असंच करा. प्रयोगशाळेचे 3,200 रुपये लागले आणि अहवाल पंधरवड्याने आला. कर्ब-नत्र 17 होतं, ओलावा मात्र 31. खत चाळण्याआधी सावलीत आठवडाभर पसरलं की तो उतरतो. उन्हात वाळवू नका, जिवाणू मरतात.

पुणे महापालिका चालू स्थितीतल्या खतप्रकल्पासाठी मिळकतकरात 5 टक्के सवलत देते. आम्ही अर्जासोबत समितीचा ठराव, सदनिकांची मिळकत क्रमांकांसह यादी, हौदांचे फोटो आणि बिलं जोडली. त्यानंतर पाहणी होते. पाहणीत वजनाची वही सगळ्यात जास्त वेळ बघितली गेली. मिळकत क्रमांकांची यादी आधी तपासून घ्या. मालकी बदललेल्या सदनिकांची जुनी नावं तिथे अडतात.

आकडेमोड (एप्रिल-मे 2024)

कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड धरायचा नाही. तो वनस्पतींनी अलीकडेच हवेतून घेतलेला असतो. धरायचे ते मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) 2006 च्या मार्गदर्शिकेत, पाचव्या खंडातल्या चौथ्या प्रकरणात कंपोस्टचे गुणांक आहेत : किलोभर ओल्या वजनामागे मिथेन 4 ग्रॅम, नायट्रस ऑक्साइड 0.24 ग्रॅम. जुन्या प्रतींत दुसरा आकडा 0.3 दिसतो. तो दुरुस्त झालेला आहे, नवा घ्या. हे वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतात त्या आकड्यांनी, म्हणजे मिथेनला 28 आणि नायट्रस ऑक्साइडला 265 ने गुणलं, की टनामागे 112 अधिक 63.6, म्हणजे सुमारे 176 किलो कार्बन डायऑक्साइड सममूल्य.

आता कोणतं वजन घ्यायचं? नुसता कचरा घेतला तर 21.9 टन, उत्सर्जन 3.8 टन. पण हा गुणांक 60 टक्के ओलावा गृहीत धरतो आणि आपला कचरा 78 टक्के ओला. त्याच तक्त्यात कोरड्या वजनाचे गुणांक आहेत, मिथेन 10 आणि नायट्रस ऑक्साइड 0.6 ग्रॅम. त्यांनी नुसत्या कचऱ्याचे 2.1 टन येतात. पानंही कुजतातच, म्हणून ती धरली. मिश्रणाचं ओलं वजन 29.2 टन, उत्सर्जन 5.1 टन. कोरड्या वजनाने 4.9. मिश्रणाचा ओलावा साठच्या जवळ असल्यामुळे दोन्ही आकडे जुळले. आम्ही 5.1 ठेवला. 2.1 टन लिहिलं असतं तर अहवाल जास्त चांगला दिसला असता, पण पानं हौदात आहेत हे लपवून.

हा गुणांकही सरासरीच आहे. मिथेनची दिलेली व्याप्ती 0.03 पासून 8 ग्रॅमपर्यंत आहे, दोनशे पटींहून जास्त. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेच्या पद्धतीत मिथेन टनामागे 2 किलो आणि नायट्रस ऑक्साइड 0.2 किलो धरतात. त्याने आमचे 3.2 टन येतात. खरा आकडा या पट्ट्यात कुठे बसेल, हे पानं आणि दाताळं ठरवतात.

मग टाळलं किती? कचरा खोल, अव्यवस्थापित डेपोत गेला असता तर : टनभर अन्नकचऱ्यात 150 किलो कुजण्याजोगा कर्ब, त्यातला निम्मा कुजतो, डेपोच्या खोलीचा गुणांक 0.8, वायूत मिथेन निम्मा, आणि कर्बाच्या वजनावरून मिथेनचं वजन काढायला 16/12. येतात 40 किलो मिथेन. वर्षाच्या 21.9 टनांचे 876 किलो, म्हणजे 24.5 टन सममूल्य. पाच मीटरपेक्षा उथळ डेपोसाठी 0.8 च्या जागी 0.4 धरतात, आकडा निम्मा होतो. हे सगळं एका वर्षात निघतही नाही. दमट उष्ण हवामानाचा दर वापरला तरी पहिल्या वर्षात एक तृतीयांशच.

आणि मुख्य प्रश्न असा की आमचा कचरा डेपोत गेलाच असता का? शहरातला वेगळा केलेला ओला कचरा बायोगॅस प्रकल्पांतही जातो. तिथे गळतीसाठी टनामागे 0.8 किलो मिथेन धरतात. आमच्या कचऱ्याचे अर्धा टनही होत नाहीत. त्या तुलनेत आमचा हौद जास्त वायू सोडतो. कंपोस्टबद्दल आस्था असलेल्या प्रत्येकाने हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. मातीला मिळणारं खत, वाचलेली वाहतूक, डेपोशेजारच्या गावांवरचा भार हलका होणं हे फायदे खरे आहेत, पण ते मिथेनच्या रकान्यात लिहिता येत नाहीत.

मेमध्ये कार्बन क्रेडिट (टाळलेल्या उत्सर्जनाची विकता येणारी प्रमाणपत्रं) मिळवून देतो असा एक प्रस्ताव आला. 24.5 मधून 5.1 आणि विजेचे 0.2 वजा केले तर वर्षाला जास्तीत जास्त 19 टन. एवढ्याशा टनांत नोंदणी आणि त्रयस्थ पडताळणीचा खर्च निघत नाही, म्हणून नकार कळवला. शेकडो सोसायट्या एकत्र आल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हाही वजनाची वही प्रत्येकीकडे लागेलच.

सप्टेंबर 2024 च्या सर्वसाधारण सभेपुढे गेलेलं वाक्य शेवटी असं झालं : "सोसायटीने 21.9 टन ओला कचरा आवारात जिरवला. हौद आणि वीज मिळून अंदाजे 5.3 टन उत्सर्जन झालं. हा कचरा खोल डेपोत गेला असता तर कालांतराने सुमारे 24.5 टन झालं असतं." 'वाचवला' हा शब्द काढला. गृहीतकांचं अर्धं पान सोबत जोडलं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी वर्षाला सात टन पानांची सोय आधी बघावी. आमच्या आवारात निम्मीच मिळतात, बाकीची शेजारच्या दोन सोसायट्यांतून येतात, ज्या एरवी ती कचऱ्यात देत होत्या. पानगळ फेब्रुवारीत सुरू होते, पोती जानेवारीतच मागवून ठेवा.